दुहेरी काचेच्या खिडकीची मूठ

पुण्याच्या किंवा वाईच्या एखाद्या जुन्या वाड्यांतील खिडकी पाहावी. लांकडी चौकट, फळ्यांच्या दोन झडपा, मध्यें लोखंडी गज, आणि झडपा मिटल्यावर लावावयाची एक कडी किंवा खिटी. एवढ्या सामग्रीवर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या संसार झाले. चोराला अडविण्याचें काम गजांचें. झडपेनें ऊन आणि पाऊस तेवढा थोपवावयाचा. झडप आणि चौकट यांमध्यें बारीकशी फट राहिली तरी कोणाचें कांहीं अडत नसे. उलट वैशाखांत त्या फटींतून येणारी झुळूक हवीशीच वाटे. म्हणून आपल्या जुन्या खिडकीला मूठ अशी नाहीं. तिला कडी आहे, आणि झडप जागेवर धरून ठेवली म्हणजे कडीचें काम संपलें.

थंड देशांतील खिडकीचें तसें नाहीं. तेथें फटींतून घरची ऊब बाहेर जाते, म्हणजे पर्यायानें कोळसा जातो, तेल जातें, पैसा जातो. झडप नुसती मिटून भागत नाहीं. ती चौकटीवर आवळून बसावी लागते. हें आवळण्याचें काम करणारें साधन म्हणजे खिडकीची मूठ. इमारतीच्या धंद्यांत तिला आज सर्रास हँडल म्हणतात. ही वीतभर लांबीची वस्तु मोडली कीं विलायतेंतील पुष्कळ गृहस्थ आतां सबंध खिडकीच बदलावी लागणार असें धरून चालतात, आणि विक्रेताही त्यांस तेंच सांगावयास तयार असतो. खिडकीला शेंकडों पौंड पडतात. मूठ थोडक्या पौंडांत येते आणि घरच्या माणसाला सहज बसवितां येते. तरीही असें कां व्हावें, हें समजून घ्यावयाचें तर त्या मुठीचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहावा लागतो.

फ्रान्समध्यें सतराव्या आणि अठराव्या शतकांत राजवाड्यांच्या खिडक्या उंच होत गेल्या. कित्येक तर जमिनीपासून निघून छताजवळ पोंचणाऱ्या. एवढ्या उंच झडपेला मध्यें एकच कडी लावली तर वरचा आणि खालचा कोपरा वाऱ्यानें फाकतो. तेथील लोहारांनीं यावर नामी तोड काढली. झडपेच्या उभ्या कडेला तिच्या उंचीइतकी एक गोल लोखंडी कांब बसवावयाची, कांबेचीं दोन्ही टोकें आंकड्यासारखीं वळवावयाचीं, आणि मध्यावर मूठ जोडावयाची. मूठ फिरविली कीं सबंध कांब स्वतःभोंवतीं फिरते, वरचा व खालचा आंकडा चौकटींतील खुंट्यांत अडकतो, आणि अडकतां अडकतां झडपेला आंत ओढून घेतो. या साधनाला एस्पान्योलेत असें नांव आहे. नांवांत स्पेन देश दिसतो. साधन वाढलें मात्र फ्रान्सांत. पुढें एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या घरोघरीं दुसरा एक प्रकार रूढ झाला, तो क्रेमोन. त्यांत कांब फिरत नाहीं. मूठ फिरविली कीं आंतील लहानशा यंत्रानें एक कांब वर सरकते आणि दुसरी खालीं, व दोहोंचीं टोकें चौकटीच्या भोंकांत जाऊन बसतात. फिरणारी कांब आणि सरकणारी कांब हा भेद ध्यानांत ठेवावा. आजच्या दुहेरी काचेच्या खिडकीच्या पोटांत जी युक्ति आहे ती सरकत्या कांबेची, म्हणजे क्रेमोनची. पण धंद्यांतले लोक तिला एस्पान्योलेतचा संक्षेप करून ‘एस्पाग’ म्हणतात. काम एकाचें आणि नांव दुसऱ्याचें, असा अन्याय माणसांच्याच इतिहासांत होतो असें नाहीं!

इंग्लंडनें या सर्व खटाटोपाकडे फार दिवस पाठ फिरविली होती. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथें वरखालीं सरकणारी खिडकी प्रतिष्ठित घरांतून रूढ झाली. तिची झडप दोरीला टांगलेल्या वजनांनीं तोललेली असते. ती उचलावी किंवा उतरवावी लागते, तिला फिरती मूठ लागत नाहीं. त्यांत १६९६ सालीं तेथें खिडक्यांवर कर बसला तो १८५१ पर्यंत टिकला, आणि काचेवरची जकात १८४५ पर्यंत चालली. खिडकी जितकी कमी तितका कर कमी, म्हणून लोकांनीं खिडक्या विटांनीं बुजविल्या. बुजविलेल्या खिडक्यांच्या खुणा तिकडील जुन्या घरांवर आजही दिसतात. झडपेची खिडकी राहिली ती बहुतांशीं खेड्यांतील लहान घरांतून. तिला गांवच्या लोहारानें घडविलेली साधी मूठ असे: एका बाजूला धरावयाची दांडी आणि दुसऱ्या बाजूला पुढें आलेलें नाक. दांडी खालीं वळविली कीं नाक चौकटीवरील पट्टीवर चढतें आणि झडप आवळली जाते. कोंबड्याच्या पायामागील नखीसारखें हें नाक दिसतें म्हणून तिचें नांव कॉकस्पर पडलें. ती मोडली तर तोच लोहार, किंवा त्याचा मुलगा, तशीच दुसरी करून देई. मापाचा प्रश्नच नव्हता. खिडकी समोर आणि ऐरण शेजारीं.

या मुठीला कारखान्यांत नेलें तें पोलादी खिडकीनें. एसेक्स परगण्यांतील ब्रेन्ट्री गांवीं फ्रान्सिस हेन्री क्रिटल याचें लोखंडी सामानाचें दुकान होतें. १८८४ सालीं त्यानें तेथें धातूची पहिली खिडकी केली, आणि पहिल्या महायुद्धानंतर घरांचा तुटवडा भरून काढतांना अशा पोलादी खिडक्या इंग्लंडांत हजारोंनीं बसल्या. कारखान्याच्या कामगारांसाठीं १९२६ पासून सिल्व्हर एन्ड नांवाचें सबंध गांव वसविलें गेलें. पोलादी चौकटी बारीक, झडपा हलक्या, आणि प्रत्येक झडपेच्या मध्यावर तीच कॉकस्पर मूठ, आतां बहुधा पितळेची व सांच्यांत ओतलेली. अशाच पोलादी खिडक्या १९३० नंतरच्या दशकांत मुंबईंतही आल्या. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह यांच्या कडेच्या ज्या इमारतींना २०१८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत स्थान दिलें, त्यांतील कांहीं घरांत त्या खिडक्या अद्यापि पाहावयास मिळतात. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानें पोलाद फुगतें, झडप चौकटींत अडते. पितळी मूठ मात्र हातांच्या स्पर्शानें झिजून गुळगुळीत होते व टिकते.

त्याच सुमारास मध्य युरोपांत एक वेगळीच गोष्ट घडत होती. व्हिएन्नासारख्या शहरांत दुहेरी काच नव्हती, तरी दुहेरी खिडकी पूर्वींपासून होती. एकाच पेटीसारख्या चौकटींत एकामागें एक अशा दोन संपूर्ण खिडक्या, मध्यें वीतभर जागा; बाहेरची उघडावयाची तर आधीं आंतली उघडावी लागे, आणि प्रत्येकीला निराळी मूठ. त्या शहरांत १९२६ ते १९२८ या वर्षांत कुंडमानगासे या रस्त्यावर एक घर बांधलें गेलें. घर मार्गारेट स्टोनबरो हिचें. आराखडा पाउल एंगेलमान या वास्तुशिल्पज्ञाचा. पण लवकरच कामाची सूत्रें मार्गारेटचा भाऊ लुडविग विट्गेन्स्टाइन याच्या हातीं गेलीं. हा तत्त्वज्ञ त्यापूर्वीं सहा वर्षें खालच्या ऑस्ट्रियांतील खेड्यांत प्राथमिक शिक्षक होता. वर्गांत मारलेला एक मुलगा बेशुद्ध पडला, त्यानंतर त्यानें ती नोकरी सोडली. मुलांच्या बाबतींत जो संयम त्याला साधला नाहीं तो त्यानें दारें-खिडक्यांच्या बाबतींत दाखविला असें कोणी म्हणेल. पण खरें पाहतां तेथेंही तोच हट्ट होता. कड्या, मुठी, कुलुपें, खोल्या ऊबदार ठेवणाऱ्या यंत्रांचे कोपरे, हें सर्व त्यानें स्वतः आंखलें व खास ओतवून घेतलें. दारांच्या मुठींवर एक वर्ष गेलें असें सांगतात. हर्मिना या बहिणीनें आपल्या आठवणींत लिहिलें आहे कीं, एका कारागिरानें मिलिमीटरभर फरकाचें एवढें महत्त्व आहे काय असें विचारतांच विट्गेन्स्टाइननें इतक्या मोठ्यानें होकार दिला कीं तो माणूस दचकला. आणि घर पुरें होत आलें असतां एका दालनाचें छत त्यानें तीन सेंटिमीटर वर उचलावयास लावलें. त्या घराची दारमूठ म्हणजे वळविलेली एक साधी दांडी. तिजवर नक्षी नाहीं, झांकणाची चकतीसुद्धां नाहीं. जाणते लोक आज ती मुद्दाम पाहावयास जातात. १९७१ च्या सुमारास तें घर पाडलें जाणार होतें, तें कांहीं लोकांच्या खटपटीनें वांचलें, आणि पुढें बल्गेरियाच्या सांस्कृतिक संस्थेकडे गेलें.

या घराची एवढी हकीकत सांगण्याचें कारण असें कीं, मुठीच्या इतिहासांतील एक टोंक तेथें गांठलें गेलें. एका घरासाठीं एक मूठ, आणि ती मोडली तर जगांतील कोणत्याही दुकानांत तिची जोडी नाहीं. लोहाराच्या मुठीचेंही तसेंच होतें, पण लोहार शेजारीं होता. विट्गेन्स्टाइननें मुठींत मिलिमीटर आणला, परंतु तो त्याच्या घरापुरता. जो मिलिमीटर कोणत्याही घराला चालेल तो यावयास आणखी कांहीं दशकें लागलीं.

आतां दुहेरी काचेकडे वळूं. दोन काचा थोड्या अंतरावर ठेवून त्यांच्या कडा बंद केल्या तर मधली हवा स्थिर राहते, आणि स्थिर हवा उष्णतेला सहजासहजीं पलीकडे जाऊं देत नाहीं. या कल्पनेचा एकस्व-हक्क न्यूयॉर्कच्या टॉमस स्टेटसन यास १८६५ सालींच मिळाला होता. पण कडा अशा बंद करावयाच्या कीं आंत दमट हवा शिरूं नये, हें साधेना. दमट हवा शिरली कीं दोन काचांच्या मध्यें धुकें धरतें आणि तें कोणास पुसतां येत नाहीं. अमेरिकेंत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थर्मोपेन या नांवाच्या काचा बाजारांत आल्या तेव्हां ही अडचण पुष्कळशी सुटली. १९५९ सालीं विलायतेंतील पिल्किंग्टन कंपनीनें वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट काच करण्याची रीत जाहीर केली आणि चांगली काच स्वस्त झाली. इकडे जर्मनींत १९५४ च्या सुमारास पीव्हीसी नांवाच्या प्लॅस्टिकच्या खिडकीच्या चौकटी निघाल्या. तरीही सामान्य इंग्रज गृहस्थ एका काचेच्या खिडकींत कुडकुडत बसला होता. त्याला जागें केलें तें १९७३ सालच्या तेलाच्या टंचाईनें. तेलाचे भाव थोड्याच महिन्यांत सुमारें चौपट झाले, आणि दुहेरी काचांचे विक्रेते दारोदार फिरूं लागले. २००२ सालीं इंग्लंड व वेल्समधील बांधकामाच्या नियमांनीं नव्या खिडक्यांवर उष्णता राखण्याची इतकी कडक अट घातली कीं एकेरी काच नव्यानें बसविणें जवळजवळ बंदच झालें.

मुठीवर या सर्वांचा काय परिणाम झाला? पहिला परिणाम वजनाचा. एक चौरस मीटर काच एक मिलिमीटर जाडीची घेतली तर अडीच किलोग्रॅम भरते. चार मिलिमीटरच्या दोन काचा म्हणजे वीस किलोग्रॅम. यांत चौकटीचें वजन धरलेलें नाहीं. प्रारंभींच्या दुहेरी खिडक्या बहुतेक अॅल्युमिनियमच्या होत्या, आणि त्यांना कारखानदारांनीं संवयीनें जुनी कॉकस्परच लावली. एका बिंदूवर आवळणारी ती मूठ जड झडपेचे कोपरे धरूं शकेना. वारा कोपऱ्यांतून शिरे. दुसरें असें कीं त्या काळीं लहानमोठे अनेक कारखाने निघाले, आणि प्रत्येकानें आपल्या मनाप्रमाणें स्क्रूंचें अंतर आणि नाकाची उंची ठरविली. त्यांतले कितीतरी कारखाने पुढें बुडाले. मागें राहिल्या त्यांच्या खिडक्या. त्यांची मूठ मोडली कीं ‘ही आतां मिळत नाहीं’ हें उत्तर ठरलेलें. मुठीसाठीं खिडकी टाकण्याची चाल येथून पडली. त्या काळीं ती कांहीं अंशीं समर्थनीय होती, आज नाहीं.

कारण दरम्यान प्लॅस्टिकच्या चौकटीबरोबर जर्मन यंत्र आलें. स्टुटगार्टच्या विल्हेल्म फ्रांक यानें १९३५ सालीं, जी झडप कुशीवरही उघडते आणि वरून आंत कलतेही, अशा खिडकीचें यंत्र कारखान्यांत करावयास आरंभ केला होता. एकच मूठ: खालीं असतां बंद, आडवी असतां दारासारखी उघडी, वर असतां कललेली. एका मुठीनें तीन कामें व्हावयाचीं तर सारी यंत्रणा झडपेच्या कडेच्या खांचेंत दडवावी लागते. हीच व्यवस्था पुढें साध्या बाहेर उघडणाऱ्या खिडकीलाही आली. कडेच्या खांचेंत सरकती पट्टी, पट्टीवर गोल डोक्याच्या खुंट्या, मध्यें एक लहानसा गिअरबॉक्स, आणि गिअरबॉक्सला एक चौकोनी भोंक. मुठीच्या पाठीवरील चौकोनी दांडी त्या भोंकांत जाते. मूठ काटकोनांत फिरली कीं पट्टी सरकते आणि वर, खालीं, मध्यें सगळ्या खुंट्या एकाच वेळीं चौकटींतील खोबणींत शिरून झडप ओढून घेतात. राजवाड्याच्या खिडकीची सोय अशी दोन खोल्यांच्या घरास मिळाली. आणि आवळण्याचें काम खांचेंत गेल्यामुळें मूठ ही केवळ एक फिरती किल्ली उरली. दांडी सात मिलिमीटर चौरस, आणि दोन स्क्रूंमधील अंतर त्रेचाळीस मिलिमीटर, हीं दोन मापें जर्मनींत स्थिरावलीं आणि तेथून बहुतेक युरोपभर व विलायतेंत पसरलीं. पुण्या-मुंबईंत रस्त्याचा गोंगाट टाळण्यासाठीं प्लॅस्टिकच्या चौकटींत दुहेरी काचा बसवूं लागले आहेत. त्यांतील ज्या खिडक्या सरकत्या नसून झडपेच्या आहेत त्यांनाही पुष्कळदां हींच मापें लागतात.

राहतें तें तिसरें माप, आणि तेथेंच माणसें फसतात. चौकोनी दांडीची लांबी खिडकीगणिक बदलते. दहापासून पंचावन्न मिलिमीटरपर्यंत, बहुधा पांचांच्या टप्प्यांनीं ती मिळते. ती मोजावयाची मुठीच्या बैठकीपासून टोंकापर्यंत. बैठकीची जाडी धरावयाची नाहीं. लांब दांडी घेतली तर मूठ चौकटीला टेंकत नाहीं, परंतु करवतीनें ती कापतां येते. आंखूड घेतली तर ती गिअरबॉक्सच्या भोंकांत नीट शिरत नाहीं, थोडे दिवस फिरते आणि मग भोंकाचे कोपरे खाऊन टाकते. हें नुकसान वाईट. म्हणून शंका असेल तेव्हां लांबीच्या बाजूनें चुकावें. मूठ सरळ आहे कीं बाजूला वांकविलेली आहे हेंही पाहावें. सरळ मूठ कोणत्याही बाजूला चालते. वांकविलेली डावी आणि उजवी अशी निराळी असते. कॉकस्पर असेल तर बैठकीपासून नाकाच्या खालच्या अंगापर्यंतची उंची मोजावी. नऊपासून एकवीस मिलिमीटरपर्यंत ती बहुधा सांपडते, आणि थोडी जास्त भरली तर चौकटीवरील पट्टीखालीं पाचर घालून भागवितां येतें.

बसविण्याची रीत सोपी आहे. क्रम मात्र पाळावा. झडप उघडी ठेवून काम करावें, म्हणजे कांहीं बिघडलें तर ती मिटलेल्या स्थितींत अडकून बसत नाहीं. एक स्क्रू लहानशा टोपणाखालीं दडलेला असतो, दुसरा मूठ आडवी केल्यावर दिसतो. जुनी मूठ काढल्यावर नवी लगेच लावूं नये. आधीं चौकोनी भोंकांत मोडक्या मुठीचीच दांडी किंवा पेंचकस घालून यंत्र फिरवून पाहावें. तें सहज फिरलें तर दोष मुठीचा होता. जड फिरलें तर मूठ ही रोगाची खूण होती, रोग आंत आहे: तेल मिळालें नसेल, किंवा झडप आपल्याच वजनानें खालीं बसून खुंट्या खोबणीला घासत असतील. बहुतेक मुठी जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. हा धातु लोखंडासारखा वांकत नाहीं, एकदम तुटतो. जड यंत्रावर नवी मूठ चढविली तर तीही वर्ष-दोन वर्षांत हातांत येईल, आणि दोष दुकानदाराला लागेल. नवी मूठ लावतांना मूठ आणि यंत्र दोन्ही एकाच स्थितींत असावीं, दोन्ही उघडीं किंवा दोन्ही बंद. नाहीं तर खिडकी उलट्या हातानें चालते. स्क्रू शक्ति लावून आवळूं नये. आंत धरावयास फार थोडें असतें, आणि एकदां पेंच खाल्ला गेला कीं दुरुस्तीची दुरुस्ती करावी लागते.

किल्लीची मूठ घ्यावी कीं साधी, हा प्रश्न मात्र मापाचा नाहीं. विलायतेंत विमा कंपन्या तळमजल्याच्या खिडक्यांना कुलूप मागूं लागल्या, तेव्हांपासून किल्लीच्या मुठी सर्वत्र झाल्या. विलायतेंत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतून, विशेषतः जेथें लहान मुलें आहेत तेथें, वरच्या मजल्यावरही खिडक्या कुलूपबंद ठेवण्याची प्रवृत्ति असते, आणि मूल पडूं नये या दृष्टीनें ती समजण्यासारखी आहे. पण आग लागली तर वरच्या मजल्यावरची निजावयाच्या खोलींतील खिडकी हाच कित्येकदां एकमेव मार्ग उरतो. यासाठींच इंग्लंडांतील नियमांनीं सुटकेच्या खिडकीचें मापही ठरविलें आहे: मोकळी जागा एक तृतीयांश चौरस मीटरच्या सुमारास, उंची व रुंदी प्रत्येकीं निदान साडेचारशें मिलिमीटर, आणि उघडणाऱ्या भागाची खालची कड जमिनीपासून अकराशें मिलिमीटरहून उंच नको. हें माप कितीही कांटेकोर पाळलें तरी किल्ली स्वयंपाकघरांतील खणांत पडली असेल तर तें व्यर्थ होय. सुटकेच्या खिडकीला बिनकिल्लीची, दाबून उघडणारी मूठ बसवावी आणि मुलांसाठीं झडप थोडीच उघडूं देणारा, पण मोठ्या माणसाला हातानें सोडवितां येणारा अडसर निराळा लावावा. किल्लीचीच मूठ हवी असेल तर तिची किल्ली खिडकीशेजारीं, मुलाचा हात पोंचणार नाहीं पण अंधारांत मोठ्या माणसाला चांचपून सांपडेल अशा उंचीवर, खिळ्याला टांगावी, आणि तो खिळा कोठें आहे हें घरांत निजणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला दाखवून ठेवावें. पाहुणा आला तर त्यालाही.